माझ्या नावाचा गुडघा

कागदोपत्री माझा उजवा गुडघा निकामी आहे. एक्स-रे आहे, सरकारी दवाखान्याचा केसपेपर आहे, हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे. सगळ्यांवर माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, माझं वय. प्रत्यक्षात मी ऑफिसचे तीन मजले रोज पायी चढते आणि वर पोचल्यावर धापसुद्धा लागत नाही. ते फोटो ज्या गुडघ्याचे आहेत तो दुसऱ्या बाईचा. पंधरा वर्षं मी हे पोटात ठेवलं, आणि मागच्या महिन्यात डबे खाताना एका फालतू गप्पेनं ते सगळं वर आलं.

झालं असं, की आमच्यातल्या एकानं मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. अमेरिकेत म्हणे कॉलेजकडून खेळणाऱ्या पोरापोरींना पगार द्यायचा का, त्यांना कॉलेजचे नोकर मानायचं का, यावर कोर्टकचेऱ्या चालल्यात. आमच्या टेबलावर हशा पिकला. एक म्हणाला, फी माफ, राहणं फुकट, वरून खेळायचा पगार? दुसरी म्हणाली, मग आमच्या पोराला गल्लीत क्रिकेट खेळल्याचा भत्ता मिळू द्या. मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, तुम्हाला काय डोंबल कळतंय त्यातलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी फटकळ आहे हे त्यांना माहीत आहे, पण जेवताना मी कुणावर घसरत नाही.

त्यांना कुठून कळणार? मला कळतं, कारण मी ताईला पाहिलंय.

आम्ही तिला ताई म्हणायचो. कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघातल्या सगळ्याच म्हणायच्या, कारण ती आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी होती आणि कॉलेजात नक्की कधीपासून होती ते आम्हाला नीट माहीत नव्हतं. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातली. ती शाळेत असताना आमच्या खेळाच्या सरांनी जिल्ह्याच्या स्पर्धेत तिची चढाई पाहिली आणि तिच्या घरी जाऊन तिला मागून आणलं, लग्नाला मुलगी मागतात तसं. तिच्या वडिलांना सांगितलं, फी नाही, राहायची-जेवायची सोय आमची, पोरगी पुढं नोकरीला लागेल. सोय म्हणजे जिमखान्याच्या मागची खोली. अर्ध्या खोलीत मॅटचे गठ्ठे, अर्ध्या खोलीत ताईची वळकटी आणि एक स्टोव्ह.

आम्ही सकाळी सहाला मैदानावर जायचो तेव्हा तिनं आधीच मैदानाला पाणी मारलेलं असायचं आणि फक्की टाकून रेषा आखलेल्या असायच्या. तिची बोटं कायम पांढरी. दिवसा खेळाच्या खोलीची चावी तिच्याकडं. कार्यक्रम असला की पाहुण्यांना चहा तिनं द्यायचा, सत्काराच्या शाल-नारळाचं ताट तिनं धरायचं. संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याच्या लग्नात पंगती वाढायलासुद्धा ती आणि संघातल्या खेड्यातल्या दोघी होत्या. आम्ही जालन्याच्या मुली, आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या आईनं प्राचार्यांच्या घरी जाऊन तमाशा केला असता.

आणि एक पद्धत होती, ती बाहेरच्यांना सांगून खरी वाटत नाही. ताई अभ्यासात ढ नव्हती. पण परीक्षा जवळ आली की सर सांगायचे, यंदा एक पेपर राहू दे. म्हणजे त्या पेपराला बसायचंच नाही. पास झाली की कॉलेज सुटणार, आणि कॉलेज सुटलं की संघातून जाणार. म्हणून दरवर्षी एक पेपर मागं. तीन वर्षांची बी.ए. तिनं पाच वर्षं केली. मग एम.ए.ला नाव घातलं, मग आणखी कशाला तरी. गावाकडं सांगितलं जायचं, पोरगी शिकतेय. तिच्या बरोबरीच्या मुली मास्तरणी झाल्या, तलाठी झाल्या, आणि ही अजून शिकतच होती. काचेच्या कपाटातले कप तेवढे वाढत होते, आणि तपासणीची समिती आली की ते कपाट आधी दाखवायचे.

माझं म्हणाल तर मला खेळात काडीची गती नव्हती. आम्ही जालन्यात मस्तगडला राहायचो, वडील सरकारी कचेरीत कारकून, घरात कुणी कधी घाम येईपर्यंत पळालेलं नाही. पण माझं इंग्रजी कच्चं होतं. त्यात दोनदा गटांगळी खाल्ली होती. विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळलं की वाढीव गुण मिळतात असं कळलं, म्हणून मी संघात शिरले. संघाच्या यादीत बारा जणी लागतात, मैदानात उतरतात सात. मी बारावी. बाटल्या भरायच्या, टॉवेल सांभाळायचे, आणि जिंकल्यावर फोटोत कडेला उभं राहायचं.

माझ्या शेवटच्या वर्षी ताईचं वय नियमातून बाहेर गेलं. आता कुठल्याच कोर्सला नाव घालून उपयोग नव्हता. त्या वर्षी ती कॉलेजच्या कुठल्याच कागदावर नव्हती, तरी त्याच खोलीत राहत होती, तसंच पाणी मारत होती. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. म्हणाले, तू नुसती बसूनच राहणार आहेस, तुझ्या नावावर ताईला खेळवू. ओळखपत्रावरचा तुझा फोटो धड दिसत नाही, दोन वेण्या घातल्या की झालं. गुण तुलाच मिळतील, कप कॉलेजला.

मी एका पायावर तयार झाले. विचारसुद्धा केला नाही. ताईला काय मिळणार, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. हे मी आज लिहून राह्यले तर हात जड झालाय, पण खरं तेच आहे. सरांनी तिला कबूल केलं होतं की ही शेवटची स्पर्धा, मग साहेबांना सांगून तुला कॉलेजात शिपाई म्हणून चिकटवतो. साहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. ताईनं त्या एका शब्दावर माझं नाव अंगावर घेतलं.

जीपनं शेजारच्या जिल्ह्यात जाताना रस्ताभर आम्ही तिच्याकडून पाठ करून घेतलं. वडिलांचं पूर्ण नाव काय? जन्मतारीख? राहणार कुठं? ती एकदाही चुकली नाही. मध्येच माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, आजपासून तुझा बाप माझाबी बाप, दिवाळीला साडी पाठवायला सांग. सगळ्या खिदळल्या. सर पुढच्या सीटवर होते, तेही हसले.

अंतिम सामना संपायला चार-पाच मिनिटं होती. आम्ही मागं होतो आणि ताई चढाईला गेली. समोरच्या संघातल्या एकीनं तिचा पट काढला, दुसरीनं कंबर धरली, तिसरी वरून कोसळली. ताईनं तिघींना ओढत रेषेला हात लावला. शिट्टी वाजली, तीन गडी बाद, आमच्या मुली नाचत मैदानात शिरल्या. ती उठेना. मी कडेला टॉवेल घेऊन उभी होते, मला तिचा पाय दिसला. गुडघ्याच्या खालचा भाग चुकीच्या बाजूला वळलेला. ती ओरडली नाही, नुसता हात वर करून पंचांना दाखवत होती की माझा हात रेषेवर आहे, बघून घ्या.

तिथल्या सरकारी दवाखान्यात नेलं. केसपेपर लिहिणाऱ्यानं नाव विचारलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. स्पर्धेचे एक पदाधिकारी सोबत आले होते, ते शेजारीच उभे. ताई स्ट्रेचरवर होती, घामानं केस कपाळाला चिकटलेले. तिनं डोळे मिटून माझं नाव सांगितलं. मग माझ्या वडिलांचं. मग वय, माझं, वीस. बराबर सांगितलं सगळं. कपाटात तो कप आला तो असा.

जालन्याला परत आल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी माझ्याच नावाचा केसपेपर पुढं चालवला आणि सांगितलं, आतलं लिगामेंट तुटलंय, गादीही फाटलीय. ऑपरेशन करावं लागेल आणि जितकं जल्दी तितकं बरं. चार-सहा महिने लावले तर पाय कायमचा धरणार. खर्चा ताईच्या घराच्या आवाक्यातला नव्हता. विद्यार्थ्यांचा अपघात विमा होता, पण ती विद्यार्थी नव्हती. विद्यार्थी मी होते, आणि माझा गुडघा धडधाकट. प्राचार्यांनी हात वर केले. सरांनी तर डोळ्यांत पाणीच आणलं. ते स्वतः तासिकेवर होते, दहा वर्षं कायम होण्याची वाट बघत होते. म्हणाले, मी लिहून दिलं तर माझं घर बसेल. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. कुठल्या तोंडानं आला होता कोण जाणे.

ताई अध्यक्षांकडं गेली तेव्हा आधाराला मी सोबत गेले. काठी टेकत दोन जिने चढली. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, अगदी मायेनं चौकशी केली. ताईनं काही भीक मागितली नाही. तिनं एवढंच विचारलं, ऑपरेशनचं बघा, आणि सरांनी कबूल केलेली शिपायाची जागा द्या.

"नऊ वर्षं झाली साहेब, मी इथं काम करून राह्यले."

"काम?" साहेबांना खरोखर नवल वाटलं होतं, ते नाटक नव्हतं. "काम कुठं केलंस बाळ? तू तर खेळलीस. आणि मैदान झाडलं, चहा दिला, ते लेकीनं घरात करावं तसं केलंस. घरच्या लेकीला कुणी पगार देतं का?"

मग ते म्हणाले की यंदाच्या हजेरीत तुझं नावच नाही, मी द्यायचं म्हटलं तरी कुठल्या खात्यातून देऊ? त्यांनी खिशातून काही नोटा काढून पुढं सरकवल्या. ताईनं घेतल्या नाहीत. चहासुद्धा तसाच राहिला. मी माझा प्याले, कारण काय करावं ते मला सुचत नव्हतं.

मग जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानावर ऑफिस असलेले एक वकील होते, ताईच्या गावाकडच्या ओळखीचे, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, नोकरीचं लांबचं आहे, खेळणारा हा कामगार आहे असं म्हणायला आपल्याकडं काही आधार नाही. पण त्या दिवशी मैदानात हीच होती आणि कॉलेजच्या सांगण्यावरून होती, एवढं लेखी आलं तर संस्था अब्रूला भिऊन ऑपरेशनचा खर्चा मुकाट देईल. माझ्याकडं बोट करून म्हणाले, या मुलीनं लिहून द्यावं. एक पान. त्या सामन्यात मी खेळले नाही, माझ्या नावावर ही खेळली, जखम हिला झाली. आणि खाली सही.

बाहेर आल्यावर ताईनं मला गळ घातली नाही. फक्त म्हणाली, "बघ गं. तुला जमत असलं तर."

मी म्हणाले, देते की.

घरी वडिलांना सांगितलं. माझे वडील वाईट माणूस नव्हते. पण तीस वर्षं कारकुनी केलेले. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, सही करण्याआधी कागद दहादा वाचावा आणि दहाव्यांदा वाचून झाल्यावर करूच नये. ते म्हणाले, लिहून दिलंस की तुझे गुण रद्द, इंग्रजी राहणार, वरून कॉपी पकडल्यासारखी तीन वर्षं परीक्षेला बंदी. एका मैदानावरच्या मुलीसाठी आयुष्य घालवतेस का? मी म्हणाले, नाही. फार काही भांडले नाही मी.

ताईला सांगितलं, निकाल लागू दे, मग देते. ती म्हणाली बरं. निकालाला तीन महिने होते. त्या तीन महिन्यांत तिनं दोनदा निरोप पाठवला. पहिल्या वेळी मी आजारी असल्याचं सांगायला लावलं, दुसऱ्या वेळी मावशीकडं गेल्ते असं. निकाल लागला. इंग्रजीत मला गुण कमीच होते, खेळाच्या वाढीव गुणांनी बरोब्बर पास झाले. पेढे आणले. त्यानंतर लिहून द्यायचं म्हणजे हातातली डिग्री परत करायची, आणि ते तर मला त्याहून जड होतं. पुढं त्याच डिग्रीवर नोकरी लागली. तोवर जिमखान्यामागची खोली रिकामी करून ताई गावी गेल्ती.

डब्याच्या गप्पेनंतर दोन रविवार मी बसून ते एक पान लिहिलं. कधी, कुठं, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं. मी त्या सामन्यात खेळले नाही, माझ्या नावावर ती खेळली. पंधरा वर्षं जे लिहायला जमलं नव्हतं ते अर्ध्या तासात झालं, उरलेला वेळ अक्षर नीट काढण्यात गेला. तिसऱ्या रविवारी वहिनीकडं जाते असं घरी सांगून मी अंबडची गाडी पकडली. तिथून अंतरवाली सराटीकडं जाणारी काळीपिवळी, मग थोडं चालत ताईचं गाव. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली रानं, उन्हानं तडकलेली.

ताई मला शाळेच्या पडवीत सापडली. ती तिथं पोरांची खिचडी शिजवते. रविवार होता, पण पातेली घासायची राहिली होती. खाली मांडी घालता येत नाही, म्हणून तेलाच्या उलट्या डब्यावर बसून, उजवा पाय समोर काठीसारखा सरळ सोडून घासत होती. मला पाहिलं आणि लगेच ओळखलं. नावानं हाक मारली, पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट. आणि हसली.

"अजून पाठ हाय बघ मला. तुझा बाप गेला म्हणं मागं? मला कळलं तवा मी आंघोळ केली. माझाबी होता की दोन दिवस."

मला रडू आलं. ती म्हणाली, रडू नको, पाणी पी. मग तिनं काय काय सांगितलं. खिचडीचा पगार नसतो, मानधन असतं, तेही सरकारच्या लहरीवर. लग्न झालं, मोडलं. पाय धरल्यावर शेतात वाकता येत नव्हतं, सासरच्यांना वाकणारी पाहिजे होती. हे तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. शाळेच्या पटांगणात चार-पाच पोरी कबड्डी खेळत होत्या, रेषा काटकीनं ओढलेल्या. एक बारकी पोर अशी सळसळत जात होती की माझ्यासारखीलाही कळलं. मी विचारलं, तू शिकवतेस का यांना?

"न्हाई," ती म्हणाली. "लई मागं लागतात. पण शिकवलं की येखादी चांगली खेळंल. मंग येईल कुणीतरी तिला न्यायला."

तिनं पातेलं पालथं घातलं. मी पर्समधून ते पान काढलं आणि तिच्या ओल्या हातात दिलं. तिनं हात पदराला पुसले, पान उन्हात धरलं आणि वाचलं. तिला वाचायला वेळ लागला नाही, ती ढ नव्हतीच. शेवटपर्यंत वाचलं, मग पान उलटून मागची बाजू पाहिली.

"सही कुठाय?"

मी म्हणाले, तू आधी वाचावंस असं वाटलं. मग म्हणाले, पेन विसरले. माझ्या पर्सला पेन खोचलेलं होतं, तिला दिसत होतं, मला दिसत होतं. तिनं पान आधीच्याच घड्यांवर बरोबर घडी घातलं, माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि चेन ओढून बंद केली, जत्रेत लहान पोरीच्या पिशवीची आई बंद करते तसं.

"जा आता," ती म्हणाली. "साडेचारची गाडी गेली तर मंग सातशिवाय न्हाई."

मी साडेचारची गाडी पकडली.

ते पान ऑफिसच्या खणात आहे, डाव्या बाजूच्या, खालच्या. नोकरी जाईल, लोक काय म्हणतील, मुलीची स्कॉलरशिपची परीक्षा आहे, कारणं माझ्याकडं आजही भरपूर आहेत. तेव्हाच्या कारणांपेक्षा चांगली आहेत. डबे खाताना त्या अमेरिकेच्या बातमीवर पुन्हा कुणी बोललेलं नाही. आणि हे सगळं मी इथं लिहिलं खरं, पण तुम्ही वर जाऊन बघा, नाव मी कुणाचंच घातलेलं नाही, माझंसुद्धा.